पापणीवरची घडी आणि नोकरीचा अर्ज

विषय वाचून काही मैत्रिणींच्या कपाळाला आठ्या पडतील. पोटगीसाठी, पाण्यासाठी, रेशनसाठी, गावातल्या दारूच्या दुकानाविरुद्ध आपण धावतो. त्यात कोरियातल्या बायकांच्या पापण्यांचं काय मध्येच? पैसेवाल्यांचे चोचले, सोडून द्या, असं म्हणणाऱ्याही भेटतील. माझं म्हणणं असं, की हा चोचल्यांचा विषय नाही. हा बाईच्या रोजगाराचा, तिच्या शरीरावरच्या तिच्या हक्काचा आणि दवाखान्यात तिला मिळणाऱ्या वागणुकीचा विषय आहे. म्हणजे आपलाच.

आधी गोष्ट नीट समजून घेऊ. कोरिया, जपान, चीन या भागातल्या पुष्कळ माणसांच्या वरच्या पापणीवर घडी नसते. आपल्याकडे ती बहुतेकींना असते, म्हणून तिच्याकडे आपलं लक्षही जात नाही. पापणी उचलणाऱ्या स्नायूचे तंतू कातडीपर्यंत पोचलेले असले, की डोळा उघडताना कातडी आत ओढली जाते आणि घडी पडते. ते पोचलेले नसले आणि पापणीतली चरबी जरा खालपर्यंत उतरलेली असली, की घडी पडत नाही. दोन्ही डोळ्यांना दिसतं तेवढंच. घडी नसणं हा आजार नाही, व्यंगही नाही.

तरीही ही घडी पाडून घेणं ही दक्षिण कोरियातली अगदी सर्रास होणारी शस्त्रक्रिया आहे. कोरियन भाषेत या घडीला 'स्सांगक्कपुल' म्हणतात. सोलच्या गंगनम भागात अशा दवाखान्यांच्या पाट्या इमारतीच्या मजल्यामजल्यावर दिसतात. नोव्हेंबरात विद्यापीठ-प्रवेशाची परीक्षा संपली, की परीक्षेचं प्रवेशपत्र दाखवणाऱ्या मुलींना सवलत देणारे दवाखाने आहेत. आपल्याकडे बारावी झाल्यावर मुलीला घड्याळ किंवा मोबाईल मिळतो, तशी तिथं घडी मिळते.

पद्धती मुख्यतः दोन. एकीत पापणीवर छेद देऊन थोडी कातडी, चरबी काढतात आणि कातडी आतल्या स्नायूशी जोडतात. दुसरीत छेद देत नाहीत. सुईने नायलॉनचा केसासारखा बारीक धागा पापणीतून ओवतात, कातडी आतल्या भागाशी बांधतात आणि गाठ आतच दडवतात. या दुसऱ्या पद्धतीला कोरियनमध्ये 'मॅमोल' म्हणजे पुरण्याची पद्धत म्हणतात. जपानीतही तोच शब्द आहे, 'माइबोत्सु'. तेवढ्यापुरती भूल, अर्ध्याएक तासाचं काम, सूज कमी, व्रण जवळजवळ नाही. नको वाटलं तर धागा काढता येतो, असंही सांगतात.

जाहिरातीतला शब्द 'बिनछेदाची' असा असतो. ऐकणारीला वाटतं, म्हणजे ऑपरेशनच नाही. पण सुई आरपार जाते, टाका पडतो, धागा वर्षानुवर्षं पापणीत राहतो. तो सैल पडू शकतो, बाहेर डोकावू शकतो, त्याच्या गाठीभोवती गळू होऊ शकतं, आतल्या बाजूने बुबुळाला घासू शकतो. घडी हळूहळू विरूनही जाते. आणि सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे दोन्ही डोळ्यांच्या घड्या सारख्या न होणं. एक वर, एक खाली. एक ठळक, एक पुसट. कोरियनमध्ये त्याला बोलीतला शब्दच आहे, जोडी न जुळलेले डोळे या अर्थाचा.

अशा बाईला मग सांगितलं जातं, पुन्हा एकदा करून घ्या, हेही बिनछेदाचंच. इथं मात्र मैत्रिणींनो, जरा थांबून बघायला हवं, कारण 'पुन्हा एकदा' या दोन शब्दांत बरंच काही लपवलं जातं.

घड्या असमान दिसण्याची कारणं एकाहून अधिक आहेत. पहिल्या काही आठवड्यांत सूज दोन्हीकडे सारखी नसते, त्यामुळे घडीही सारखी दिसत नाही. ते पुष्कळदा आपोआप निवळतं. म्हणून घाईने दुरुस्ती न करता साधारण सहा महिने वाट बघावी असं डॉक्टर सांगतात. दुसरं कारण, एका डोळ्यातला धागा सैल झालेला असतो. तिसरं, दोन्ही टाके मुळातच वेगळ्या उंचीवर पडलेले असतात. चौथं कारण जास्त गुंतागुंतीचं आहे: एका बाजूची पापणी उचलणारा स्नायूच थोडा अशक्त असतो. मेंदूकडून पापणी उचलण्याचा हुकूम दोन्ही डोळ्यांना एकाच मापाने जातो. एक पापणी अशक्त असली की मेंदू जोर वाढवतो आणि तो जोर दुसऱ्या, चांगल्या पापणीलाही मिळतो. आता अशक्त बाजू दुरुस्त केली की जादा जोराची गरज संपते, आणि आजवर ठीक दिसणारी दुसरी पापणी खाली येते. एक डोळा नीट करायला जावं तर दुसरा बिघडतो, तो असा. काही जणी नकळत एक भुवई उचलून बघतात. तिथंही नुसती घडी बदलून काही साधत नाही.

बिनछेदाची दुरुस्ती उपयोगी पडते ती मुख्यतः घडी सैल पडून विरली असेल किंवा एक घडी खाली असून ती वर न्यायची असेल तेव्हा. जुना धागा काढून किंवा तसाच ठेवून नवा घालतात. पण घडी फार उंच पडली असेल आणि ती खाली आणायची असेल, तर नुसत्या धाग्याने भागणं कठीण; आतली कातडी जिथं चिकटली आहे तिथून ती सोडवावी लागते आणि त्याला बहुधा छेद द्यावाच लागतो. स्नायू अशक्त असेल तर दुरुस्ती स्नायूची व्हायला हवी. म्हणजे 'पुन्हा बिनछेदाचंच' हे उत्तर सगळ्यांना लागू नाही. हे साधं ज्ञान पहिल्या ऑपरेशनच्या आधी बाईला मिळायला हवं. ते न देता तिला दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा टेबलावर झोपवणं म्हणजे तिच्या अज्ञानावर धंदा करणं. आणि दर खेपेला व्रण वाढत जातात, पुढची दुरुस्ती आणखी अवघड होत जाते.

एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. या शस्त्रक्रियेची पहिली नोंद मिकामो या जपानी डॉक्टरांनी १८९६ साली लिहिली. त्यांच्याकडे आलेल्या बाईच्या एका डोळ्यावर जन्मतः घडी होती, दुसऱ्यावर नव्हती. त्यांनी रेशमी धाग्याचे टाके घालून दुसऱ्या डोळ्यावर घडी पाडली आणि काही दिवसांनी टाके काढले. म्हणजे सुरुवातच असमान डोळ्यांपासून झाली, आणि तीही छेद न देता. त्यामुळे 'हे सगळं गोऱ्यांसारखं दिसण्याचं खूळ' एवढं बोलून आपल्याला मोकळं होता येत नाही. घडी असलेले डोळे त्या देशांतही पहिल्यापासून होतेच.

पण गोऱ्यांचा हात नाही असंही नाही. कोरियन युद्धानंतर १९५४ साली डॉ. राल्फ मिलार्ड हे अमेरिकन सैन्याबरोबर प्लास्टिक सर्जन म्हणून कोरियात होते. जखमी, भाजलेल्या लोकांवर उपचार करायला ते आले होते. तिथं एका कोरियन दुभाष्याच्या पापण्यांवर त्यांनी घडी पाडली आणि १९५५ साली त्यावर लेख लिहिला. घडी नसलेला डोळा निर्विकार, भावना न दाखवणारा वाटतो, अशा अर्थाचं त्यांचं लिहिणं आहे. हेच मिलार्ड दुभंगलेल्या ओठावरच्या शस्त्रक्रियेसाठी जगभर ओळखले जातात. त्यांच्या पद्धतीने आपल्या देशातल्याही कितीतरी मुलांचे ओठ शिवले गेले. तेच हात, तोच सुईदोरा. एका ठिकाणी बाळाला दूध ओढता यावं, बोलता यावं म्हणून. दुसऱ्या ठिकाणी सैन्याच्या छावणीत नोकरी करणारा माणूस छावणीवाल्यांना विश्वासू दिसावा म्हणून. फरक सुईत नाही, ती कोणाच्या नजरेसाठी चालते यात आहे.

आता नोकरीकडे येऊ. कोरियात नोकरीच्या अर्जावर फोटो चिकटवण्याची पद्धत फार जुनी. १९९४ साली तिथल्या स्त्री-संघटनांनी एक मोठं काम केलं. मुलींच्या व्यावसायिक शाळांकडे मोठमोठ्या कंपन्या मुली मागवत, तेव्हा अट घालत: उंची १६० सेंटिमीटरच्या वर, वजन ५० किलोच्या आत, चेहरामोहरा चांगला. टंकलेखनाला आणि हिशेबाला उंची कशाला लागते? १९८७ साली स्थापन झालेली कोरियन विमेनलिंक ही संघटना, शिक्षक आणि प्राध्यापक यांनी मिळून अशा ४४ कंपन्यांविरुद्ध सरकारी वकिलांकडे फिर्याद केली. त्याचा परिणाम म्हणून १९९५ साली रोजगारातल्या समानतेच्या कायद्यात दुरुस्ती झाली. कामाला गरज नसताना बाईकडे रूप, उंची, वजन किंवा अविवाहित असण्याची अट घालता येणार नाही, असं कायद्यात आलं.

तरी फोटो राहिलाच. २०१७ साली सरकारी क्षेत्रातल्या भरतीतून फोटो, जन्मगाव, शाळेचं नाव काढण्याचं धोरण आलं. २०१९ साली ३० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना उमेदवाराच्या रूपाची, उंची-वजनाची, लग्नाची माहिती मागायला बंदी झाली, दंडही ठरला. हा कायदा बाई-पुरुष दोघांनाही लागू आहे, कारण एव्हाना तरुण पुरुषही त्याच दवाखान्यांच्या रांगेत आले आहेत. पण कागदावरचा प्रश्न पुसला तरी मुलाखत घेणाऱ्याची नजर पुसली जात नाही. २०१८ च्या एप्रिलमध्ये एमबीसी वाहिनीच्या निवेदिका इम ह्यॉन-जू यांनी चष्मा लावून बातम्या वाचल्या, तर तीच देशभर बातमी झाली. पुरुष निवेदक चष्मा लावून वर्षानुवर्षं वाचतच होते. त्याच वर्षी तिथल्या कित्येक तरुणींनी केस बारीक कापले, प्रसाधनं मोडून-सांडून टाकली आणि या मोहिमेला 'कंचुकी उतरवणं' या अर्थाचं नाव दिलं.

आता सरकारचा दुटप्पीपणा बघा. जुलै २०११ पासून कोरियात ही घडी पाडण्यावर दहा टक्के मूल्यवर्धित कर आहे, कारण सरकारच्या हिशेबात तो औषधोपचार नव्हे, हौस आहे. नोकरी देणारा म्हणतो चेहरा नीट असला पाहिजे. कर घेणारा म्हणतो ही तुझी हौस. आणि घडी वाकडी झाली की आजूबाजूचे म्हणतात, कोणी सांगितलं होतं? तिन्हीकडून बाईच दोषी. आपल्याकडेही सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेवर जीएसटी लागतो, जन्मजात व्यंग किंवा अपघाताची इजा दुरुस्त करण्यावर लागत नाही. कराचं मला काही म्हणायचं नाही. पण 'हौस' हा शब्द कोण वापरतं आणि कोणासाठी, ते बघायला हवं.

'आपल्याकडे असं नाही' असं म्हणणाऱ्यांना मी दोन गोष्टींची आठवण देईन. विमानात काम करणाऱ्या बाईला आपण मराठीत अजून 'हवाई सुंदरी' म्हणतो. नोकरीच्या नावातच रूप घालून ठेवलं आहे. एअर इंडियात त्यांना पहिल्या गरोदरपणाबरोबर नोकरी सोडावी लागे. ती अट १९८१ साली नर्गिस मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, पण नोकरीला लागल्यापासून चार वर्षांत लग्न केलं तर नोकरी जाण्याची अट त्याच निकालात कायम ठेवली. आणि दुसरं, १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या फेअर अँड लव्हलीने २०२० साली नाव बदललं, पण लग्नाच्या जाहिरातीतली 'गोरी, सडपातळ' कुठं हलली?

या विषयाचा माझ्याशी संबंध आला तो पुण्यात. ईशान्येकडून आलेली, सलूनमध्ये काम करणारी एक तरुण मुलगी आमच्या आरोग्य गटाच्या बैठकांना येते. गिऱ्हाइकं तिला 'ए चायनीज' म्हणून हाक मारतात. रिक्षावाला विचारतो, तुझा देश कोणता. तिच्या एका डोळ्यावर घडी आहे, दुसऱ्यावर पुसट. मोबाईलवर एका दवाखान्याची जाहिरात बघून तिनं मला विचारलं, "दीदी, दोन्ही डोळे नीट करून घेतले तर लोक मला इथली समजतील का?"

मी तिला खरं तेच सांगितलं. शस्त्रक्रियेने काय होतं आणि काय होत नाही, दुरुस्तीची वेळ आली तर काय काय करावं लागतं, हे सगळं कागदावर आकृती काढून समजावलं. आणि म्हटलं, हाक मारणाऱ्याला तुझ्या पापणीची घडी मोजायची नसते. त्याला तू परकी हवी असतेस. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्हाला बोलायला सोपं आहे, तुम्हाला कोणी देश विचारत नाही." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. तिनं अजून काही ठरवलेलं नाही. ठरवणं तिचं आहे. पण जानेवारी २०१४ मध्ये अरुणाचलचा विद्यार्थी निदो तानिया दिल्लीत मारहाणीनंतर मरण पावला, त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने वांशिक हेटाळणीला गुन्हा ठरवणारी स्वतंत्र कलमं सुचवली. ती सुचवावी लागली हे आपल्या शहरांबद्दल पुरेसं बोलतं. डोळे तिचे असमान आहेत की आपली वागणूक?

मग आपली भूमिका काय? १९९६ साली बंगळूरला विश्वसुंदरी स्पर्धा झाली तेव्हा स्त्री-संघटनांपुढे पेच आला होता. स्पर्धेला आपलाही विरोध आणि संस्कृतीरक्षकांचाही. पण त्यांचा राग बाईच्या उघड्या अंगावर, आपला बाईच्या अंगाच्या बाजारावर. तो फरक आजही सोडता कामा नये. घडी पाडून घेणाऱ्या बाईला 'नकली', 'बाहुली' म्हणणं हे आपलं काम नव्हे. आधी तिला चेहरा बदलायला भाग पाडायचं आणि मग बदलला म्हणून हसायचं, हा खेळ बाजार आणि समाज मिळून खेळतात. त्यात आपण तिसरा भिडू व्हायचं कारण नाही.

त्याच वेळी 'तिचं शरीर, तिची निवड' एवढं बोलून थांबणंही पुरेसं नाही. निवड म्हणायची तर तिच्यापुढे माहिती हवी, न करण्याची मोकळीक हवी आणि चुकलं तर दाद मागायला जागा हवी. घड्या असमान झालेली बाई ही फसलेली मूर्ख बाई नाही, ती हक्क असलेली रुग्ण आहे. कोरियात २०१२ पासून वैद्यकीय तंटे मिटवणारी स्वतंत्र संस्था आहे. तिथं एका जबड्याच्या शस्त्रक्रियेत २०१६ साली तरुण मुलगा गेला. त्याच्या आईने वर्षानुवर्षं झगडून कायदा करायला लावला आणि सप्टेंबर २०२३ पासून बेशुद्ध रुग्णावर शस्त्रक्रिया होते तिथं कॅमेरा बसवणं सक्तीचं झालं. आपल्याकडे १९९५ च्या शांता निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते. २००८ च्या समीरा कोहली निकालाने सांगितलं, की एका शस्त्रक्रियेला दिलेली संमती दुसऱ्या शस्त्रक्रियेला चालत नाही आणि संमती देण्याआधी पुरेशी माहिती मिळायलाच हवी. ही हत्यारं आपल्या हातात आहेत. ती गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेइतकीच पापणीलाही लागू आहेत.

म्हणून गटांना माझी विनंती अशी. अशा शस्त्रक्रियेचा विचार करणारी कोणी आली तर तिला उपदेश करू नका, प्रश्न द्या. शस्त्रक्रिया प्रत्यक्ष कोण करणार, त्याचं शिक्षण काय? कुठला धागा, किती टाके, ते लेखी मिळेल का? आधीचे फोटो मला देणार का? माझी पापणी उचलण्याची ताकद दोन्हीकडे तपासली का? घड्या असमान झाल्या तर किती थांबायचं, दुरुस्तीचा खर्च कोणाचा, छेद द्यावा लागला तर काय? आणि शेवटचा प्रश्न, न केल्याने माझं काय बिघडेल? या प्रश्नांची सरळ उत्तरं न देणारा दवाखाना सोडून द्यावा.

दुसरं काम जास्त लांबचं आहे. आपापल्या गावातल्या, शहरातल्या नोकरीच्या जाहिराती गोळा करा. 'दिसायला स्मार्ट', 'प्रसन्न व्यक्तिमत्त्वाची', 'अविवाहित', 'फोटोसह अर्ज करा' असं जिथं जिथं लिहिलेलं असेल ते कात्रण ठेवा आणि त्या मालकाला पत्र लिहून विचारा, या कामाला चेहरा कशाला लागतो? कोरियातल्या बायकांनी ४४ कंपन्यांची नावं अशीच एकेक करून जमवली होती. आपण चार कात्रणांपासून सुरुवात करू.